कृषी सल्ला : आखातात मिरचीचा हंगाम उलटा धरा

या खेपेला मिरचीवरचे प्रश्न नेहमीच्या गावांहून आलेले नाहीत. शारजा, अल ऐन, मस्कत, आणि एक तर थेट अमेरिकेतल्या फिनिक्सहून. कुणाच्या चार-सहा कुंड्या, कुणाचा अंगणातला एक वाफा. माझी नोकरीची बरीच वर्षं नंदुरबारकडे, मिरचीच्याच पट्ट्यात गेली, त्यामुळे ही पत्रं वाचताना बरं वाटलं. गावापासून इतक्या लांब माणसं ठेच्यासाठी वाळूत झाड जगवताहेत, तर त्यांना उत्तर नीटच द्यायला हवं.

शारजाहून एक ताई लिहितात : "गावाहून ज्वालाचं बी आणलं, मार्चमध्ये लावलं. झाड कमरेएवढं झालंय. मेपासून रोज भरपूर फुलं येतात आणि दोन-तीन दिवसांत गळून पडतात. मिरची एकही नाही. कोणतं औषध मारू?"

ताई, औषध मारू नका. पडलेलं एक फूल उचला आणि देठाचं टोक बघा. फांदीला जिथे तो चिकटलेला होता त्या सांध्यापाशी तो पिवळा पडून अलगद सुटलेला दिसेल. कुरतडलेलं नाही, कुजलेलं नाही. पाकळ्या बाजूला केल्यात तर आतली हिरवी गाठ, जिची मिरची व्हायची, ती जराही फुगलेली नसेल. हे फूल झाडाने आपणहून टाकलेलं आहे.

दिवसाचं तापमान ३२-३५ अंशांच्या वर गेलं की मिरचीचे परागकण निकामी व्हायला लागतात. त्याहून जास्त नुकसान होतं ते रात्रीच्या उकाड्याने. रात्री पारा २४-२५ च्या खाली उतरला नाही तर दिवसभर पानांनी केलेलं अन्न झाड श्वसनातच संपवतं, फळ पोसायला उरत नाही. तुमच्याकडे किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टच्या रात्री पारा तीस अंशांच्या आसपासच राहतो. नंदुरबारलाही मे महिन्यात अंग भाजतं, पण तिथली मुख्य मिरची तेव्हा फुलावर नसते. ती जुलैत लागते आणि पाऊस सरल्यावर, रात्री गार झाल्या की फळायला लागते. म्हणजे चूक तुमच्या हाताची नाही. तुम्ही उन्हाळ्याच्या तोंडाशी लावण केली, आणि आखातात नेमका तोच काळ मिरचीला बसून काढावा लागतो.

तुमच्याकडे लावणीचा हंगाम असा धरा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बी घरातच, खिडकीपाशी ट्रेमध्ये टाका. २५ ते ३० अंशांत आठ-दहा दिवसांत उगवण होते. वातानुकूलनाचा गार झोत ट्रेवर येऊ देऊ नका, बी तसंच पडून राहतं. सहा आठवड्यांत रोपाला सहा-सात पानं झाली की ऑक्टोबरच्या मध्यावर बाहेर काढा. पण एकदम नको. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवत आठवडाभरात पूर्ण दिवस. डिसेंबरपासून हिरव्या मिरच्या हातात येतील. जानेवारीत रात्री १५ अंशांच्या आसपास गेल्या की फळधारणा मंदावते, मिरच्या लहान आणि कमी बियांच्या निघतात. त्याने घाबरू नका, खताचा मारा तर मुळीच करू नका. फेब्रुवारी ते एप्रिल हा तुमचा खरा बहर.

आणि आत्ता उभी असलेली झाडं उपटू नका! मिरची आपण शेतात एका हंगामात संपवतो, पण मुळात ते दोन-तीन वर्षं जगणारं झुडूप आहे. कुंड्या घराच्या पूर्वेच्या भिंतीशी न्या, म्हणजे दुपारनंतर सावली मिळेल. वर ५० टक्के ऊन अडवणारं शेडनेट बांधा. येतील ती फुलं गळू द्या. या दिवसांत छाटणी करू नका, पानं गेली की उघड्या फांद्या उन्हाने भाजतात. सप्टेंबरच्या शेवटी मात्र एक-तृतीयांश उंची ठेवून छाटा आणि दोन मुठी कुजलेलं कंपोस्ट द्या. याच झाडांना नव्या रोपांच्या आधी मिरच्या लागतील.

कुंडीबद्दलही सांगतो, कारण तुमच्या फोटोत सगळ्या कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या आहेत. दुपारी एकीला बाहेरून हात लावून बघा. हाताला चटका बसत असेल तर आत मुळं शिजताहेत. गोणपाट गुंडाळा किंवा ती कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरा. एका झाडाला १५-२० लिटरची कुंडी लागते. आणखी एक, गच्चीवरच्या टाकीतून उन्हाळ्यात येणारं पाणी कढत असतं. रात्री बादली भरून ठेवा आणि ते पाणी पहाटे घाला. दुपारी पानं मलूल झाली म्हणून लगेच पाणी घालायला धावू नका. संध्याकाळी ती आपसूक उभी राहिली तर झाड ठीक आहे.

अल ऐनजवळून एक दादा विचारतात : "विहिरीचं पाणी देतो. मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा करपतात, नवी पानं पिवळी पडतात. युरिया दिला, फरक नाही. काय कमी पडतंय?"

दादा, या दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत आणि युरियाने दोन्ही सुटत नाहीत. करपलेल्या कडा आणि पांढरा थर हे क्षाराचं काम. मिरची क्षाराला नाजूक आहे. पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे त्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप, १ डेसी सायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर पीक पूर्ण येतं. २.२ ला चौथा हिस्सा गमावता, ३.४ च्या आसपास निम्मंच हाती येतं. खिशातला वाहकता मापक फार महाग नसतो. एकदा विहिरीचं आणि घरच्या नळाचं पाणी मोजून बघा. तुमच्या भागातलं नळाचं पाणी बहुधा समुद्राचं पाणी गोडं करून आलेलं असतं, त्यात क्षार कमी. पाच-सहा झाडांना तेवढं परवडतं. विहिरीचंच द्यायचं असेल तर दोन्ही मिसळून द्या. दर वेळी कुंडीच्या तळातून थोडं पाणी वाहून जाईल इतकं घाला, आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट गोडं पाणी ओतून क्षार धुऊन काढा. रोज कपभर पाणी शिंपडणं सर्वांत वाईट. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं.

क्षार आपणही नकळत घालत असतो. ताजं लेंडीखत, कोंबडीखत, न धुतलेलं कोकोपीट, तिन्हींत मीठ असतं. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढून पिळून घ्या. समुद्रकाठची वाळू चुकूनही आणू नका. पालाश द्यायचं तर म्युरेट ऑफ पोटॅश नको, सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

आता पिवळेपणा. नवं पान उन्हाकडे धरा. पान पिवळं आणि शिरांची जाळी हिरवीगार दिसली तर ती लोहाची कमतरता. तुमची वाळू चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. तिथे लोह असूनही मुळाला उचलता येत नाही. साधा हिराकस (फेरस सल्फेट) टाकलात तर तोही काही दिवसांत बसून जातो. चिलेटेड, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेल्या लोहातही नाव वाचून घ्या : ईडीडीएचए लिहिलेलं हवं. ईडीटीए प्रकारचं चुनखडीच्या मातीत टिकत नाही. पाकिटावरच्या मात्रेने ते मुळाशी द्या, दोन आठवड्यांत नवी फूट हिरवी येईल. जुनी पिवळी पानं पुन्हा हिरवी होतील अशी अपेक्षा ठेवू नका, नव्या फुटीवर लक्ष ठेवा.

तुम्ही अल ऐनला आहात म्हणून आवर्जून लिहितो. तिथल्या जुन्या खजूरबागेत सकाळी एकदा फिरून या. वर खजूर, त्याखाली फळझाडं, सगळ्यांत खाली हिरवा चारा आणि भाजी, आणि मधून फलजचं, म्हणजे तिथल्या जुन्या पाटाचं पाणी. तिथे भाजी उघड्या उन्हात नाही, झाडांच्या सावलीत आहे. तुमच्या अंगणात खजुराचं झाड असेल तर मिरचीचा वाफा त्याच्या विरळ सावलीत घ्या. खजुराच्या वाळक्या झावळ्या तोडून दोन-तीन इंच आच्छादन केलंत तर पाणी बरंच वाचेल.

मस्कतहून, गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल : "शेंड्याची पानं गोळा होऊन वळली आहेत. हा चुरडामुरडा का?"

हो, पण कुणी केलाय ते आधी ओळखा. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं असेल तर फुलकिडे. कडा खाली झुकून पान उलट्या होडीसारखं, देठ लांबलेला, तर कोळी (माइट ही बारीक कीड). पान लहान, जाड, शिरा पिवळ्या आणि झाडच खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. खात्री करायची तर शेंड्याखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. बारीक पिवळसर स्वल्पविरामासारखे ठिपके कागदावर चालायला लागले की समजा फुलकिडे आहेत. कोळी इतके लहान की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, भिंग लागतं.

विषाणूचं झाड काढून पिशवीत बांधून टाका, त्याला औषध नाही. बाकी दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरकस फवारा. वाळवंटी वाऱ्यात पानांवर धूळ बसते आणि धुळीत लाल कोळीही चांगलेच पोसतात. मग पाच टक्के निंबोळी अर्क : ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून, संध्याकाळीच फवारा. आठवड्याने पुन्हा. निळे चिकट सापळे टांगा. कोळ्यांवर गंधक चालतं, पण ३२ अंशांच्या वर ते पानं जाळतं, म्हणून तुमच्याकडे ते फक्त थंडीत. फवाऱ्यानंतर आठवडाभर तोडा नको.

फिनिक्सहून : तिथे हिवाळ्यात कधीतरी दहिवर गोठतं, त्यामुळे आखाताचं वेळापत्रक जसंच्या तसं चालणार नाही. रोप तयार ठेवून फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये लावा, मे-जूनपर्यंत एक तोडा घ्या, जून ते ऑगस्ट सावलीत सांभाळा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा मिरच्या लागतील. "मिरची तर उन्हाचं पीक, तिला जाळी कशाला?" असं तुम्ही विचारलंय. तुमच्याच राज्याच्या दक्षिणेला चिल्तेपिन नावाची वाटाण्याएवढी रानमिरची आपोआप वाढते. ती वाढते कुठे, तर मेस्कीट आणि हॅकबेरीच्या झाडांखाली. वाळवंटातली मूळची मिरचीसुद्धा आडोसा धरून राहते. तुमच्या मिरच्यांवर जो पांढरा, कागदासारखा डाग पडतोय तो रोग नाही, उन्हाचा चटका आहे. ३५ टक्क्यांची जाळी पुरेल.

वाण कोणतं, हे सगळ्यांनीच विचारलंय. ज्वाला आणि लवंगी नवख्याला सोप्या. ब्याडगी रंगासाठी ठीक, तिखटाची अपेक्षा नको. भूत जोलोकियाला दमट हवा आणि सावली लागते, ती पहिल्या वर्षी घेऊ नका. भारतातून बी नेताना त्या देशाचे नियम आधी बघा. माती किंवा रोप बॅगेत घालू नका.

शेवटचा प्रश्न शारजाच्या ताईंचाच, लाल मिरच्या वाळवण्याचा. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मैलभर लाल दिसतं, तसं गच्चीवर करता येईल का? येईल. मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊन जराशी सुरकुतली की देठासकट तोडा. पहिले दोन दिवस सावलीत पसरा, मग ऊन द्या. एकदम कडक उन्हात टाकलीत तर पांढरी पडते. वर मलमलचं फडकं हवं, धूळ आणि बुलबुल दोघांसाठी, पक्ष्यांना तिखट लागत नाही. किनाऱ्यावर रात्री दव पडतं, म्हणून सूर्य मावळायच्या आत टोपली घरात घ्या. मिरची हलवल्यावर आत बी खुळखुळलं आणि देठ कट्‌कन मोडला की डब्यात भरा.