दोन्ही डोळ्यांच्या कॉर्नियाचे (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे) आकडे वेगवेगळे आलेत, हे नॉर्मल आहे का?

थोडा फरक असतोच. मुळात उजवा-डावा डोळा एकमेकांची नक्कल नसून साधारण आरशातल्या प्रतिमेसारखे असतात. उजव्याचा सिलिंडरचा (दृष्टिवैषम्याच्या नंबरचा) अक्ष २० अंश असेल तर डाव्याचा बहुधा १६० च्या आसपास येतो, आडव्या कोमाचं (प्रतिमेला धूमकेतूसारखी शेपटी आणणाऱ्या दोषाचं) अधिक-उणे चिन्हही उलटतं. त्यामुळे आकडे नुसते शेजारी ठेवले की उगाच धडकी भरते. दोन्हीकडे सारख्याच व्यासाचा भाग मोजलाय ना, हे आधी बघा. ६ मिमीला येणारा अशा दोषांचा आकडा ४ मिमीपेक्षा बराच मोठा असतो. डोळे कोरडे असले तरी मोजमाप बिघडतं. मात्र एकाच डोळ्यात उभा कोमा ठळक जास्त आणि कॉर्निया खालच्या बाजूला जास्त बाकदार असेल, तर केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) शंका घेतात. मग टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) डॉक्टरांना दाखवाच, आणि डोळे चोळणं आजपासून बंद.