चोरांच्या संताला साकडं घालणारे फादर

प्रश्न : लष्करातल्या कॅथलिक फादरांकडे बंदूक असते का? शत्रूच्या हाती सापडले तर त्यांचं काय होतं? आणि ते फक्त कॅथलिक सैनिकांचंच बघतात का?

उत्तर : बंदूक नसते. १९४९च्या जीनिव्हा करारानुसार लष्करी धर्मगुरूला युद्धकैदीसुद्धा धरायचं नाही. कैद्यांना त्याची गरज असेल तोवरच ठेवून घ्यायचं. हे झालं कागदावर.

प्रत्यक्षातलं उदाहरण अमेरिकी लष्करातले फादर एमिल कपॉन, कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. कोरियाच्या युद्धात जीपच्या बॉनेटवर मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) करायचे. नोव्हेंबर १९५०मध्ये उत्तर कोरियातल्या उन्सानला चिनी सैन्यानं वेढा घातला. निसटता येत होतं, पण जखमींना टाकून ते गेले नाहीत. घोटा मोडून पडलेल्या सार्जंट हर्बर्ट मिलरवर एका चिनी सैनिकानं बंदूक रोखली होती. पकडले गेलेले फादर सरळ पुढे झाले, बंदूक बाजूला सारली आणि मिलरला उचलून चालू लागले. गोळी सुटली नाही!

मला मात्र त्याहून मोठी वाटते ती प्योक्टाँगच्या युद्धकैद्यांच्या छावणीतली चोरी. यालू नदीकाठची हाडं गोठवणारी थंडी, पोटात जेमतेम मूठभर धान्य, रोज कुणीतरी मरतंय. फादर लपतछपत मका नि धान्य पळवून आणत. निघण्याआधी प्रार्थना संत डिस्मसला, म्हणजे येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या पश्चात्तापी चोराला. मी स्वतः धर्मगुरू आहे, कुमसाराला, म्हणजे पापांच्या कबुलीच्या वेळी, चोरी ऐकली की प्रायश्चित्त देतो. यांना काय दिलं असतं? बहुधा आणखी एक पोतं आणायला सांगितलं असतं. छपराचे पत्रे दगडानं ठोकून त्यांनी भांडी केली, हगवणीनं खंगलेल्यांसाठी पाणी उकळलं, त्यांचे घाण झालेले कपडे धुतले.

पुढे पायात रक्ताची गुठळी झाली, न्यूमोनिया झाला. पहारेकऱ्यांनी त्यांना ‘इस्पितळात’ हलवलं. तिथं उपचार असे नव्हतेच. २३ मे १९५१ रोजी, पस्तिसाव्या वर्षी ते वारले. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं २०१३मध्ये, आणि अवशेषांची ओळख पटायला २०२१ उजाडलं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, फक्त कॅथलिकांचंच बघतात का? नाही. त्यांच्या मृत्यूनंतर छावणीत आलेला जेराल्ड फिंक हा वैमानिक ज्यू होता. त्यानं फादरांना कधी पाहिलंच नव्हतं. कैद्यांकडून सगळं ऐकून त्यानं जळणाच्या लाकडातून ख्रिस्ताची मूर्ती असलेला क्रूस कोरला. १९५३मध्ये सुटका झाली, तेव्हा कैद्यांनी तो बरोबर आणला.