आधी कौलांचं बघा, मग एसीचं

प्रश्न : कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं पणजोबांच्या वेळचं दुमजली घर आहे. दगडी जोतं, भेंड्याच्या (कच्च्या मातीच्या विटांच्या) भिंती, सागवानी तुळया आणि वर मंगलोरी कौलं. माडीवरच्या १२ बाय १४ फुटांच्या खोलीत आई-वडील झोपतात. एप्रिल-मेमध्ये तिथं रात्री अकरा वाजले तरी उकडतं आणि थंडीत पहाटे वडिलांचा दमा उसळतो. दुकानदार म्हणतात, कौलं आहेत तेव्हा दोन टनांचाच एसी घ्या. थंड-गरम दोन्ही करणारं मशीन घ्यावं का? आणि या भिंती त्याचं वजन पेलतील का?
एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : वडिलांचं वय आणि दमा बघता मशीन घ्याच. पण पहिला खर्च मशीनवर करू नका, असं मी तुम्हाला कळकळीनं सांगतो. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमधून मी दुधाच्या शीतगृहांची कामं करत आलोय. तिथं किती टनांचं मशीन, याच्या आधी भिंतीला आणि छताला पफ (उष्णता अडवणारा फोम) किती जाडीचा, हे बघतात. घरात एसी बसवताना हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

तुमच्या खोलीला कौलांखाली छत दिसत नाही. दिवसभर कौलांतून उतरलेली उष्णता भेंड्याच्या जाड भिंती पिऊन घेतात आणि रात्री सावकाश परत सोडतात. अकरा वाजता उकडतं ते यामुळं. थंडीत उलटं होतं; खोलीतली ऊब कौलांच्या फटींतून निघून जाते. दोन टनांचं मशीन लावलं तरी हे थांबत नाही, फक्त बिल वाढतं.

म्हणून पावसाळ्याआधी फुटकी-सरकलेली कौलं बदलून घ्या. मग वाशांच्या खालच्या बाजूनं निदान दोन इंच जाडीची एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारी फोमची शीट) आणि तिच्याखाली सिमेंट बोर्ड असं छत करा. जिप्सम बोर्ड दिसायला छान असतं, पण आपल्या जुलैच्या पावसात एक कौल सरकलं तरी ते फुगून खाली येतं. कौलं आणि नवं छत यांच्यामधल्या पोकळीतून वारा खेळता ठेवा, नाहीतर वासे कुजतील. तिथून जाणाऱ्या सगळ्या वायरी पाइपातूनच न्या. खिडक्या-दारांच्या फटींना रबराची पट्टी लावा. एवढं झालं की तुमच्या खोलीला दीड टन पुरे.

मोठं मशीन घेण्यात आणखी एक तोटा आहे. आपल्याकडं पावसाळ्यात हवा गार असते, त्रास ओलीचा असतो. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली चटकन गार करून थांबतं. ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण दमट राहते, भिंतींना बुरशी धरते. दम्याच्या माणसाला ते फार वाईट. जून ते सप्टेंबर रोज थोडा वेळ ड्राय मोड (एसीची ओल काढायची सोय) चालवा.

आता थंडीचं. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो. या तापमानाला हॉट अँड कोल्ड एसी अगदी आरामात काम करतो. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळं एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी उष्णता मिळते. साध्या रूम हीटरमध्ये एकाला एकच. दोन हजार वॅटचा हीटर रात्रभर आठ तास सलग चालला तर १६ युनिटं जातात. नुसत्या थंड करणाऱ्या मशीनपेक्षा हे थोडं महाग पडतं आणि आपल्याकडं ऊब वर्षातून थोडेच दिवस लागते, हे खरं. तरुण जोडप्याला मी नको म्हटलं असतं. तुमच्या घरात घ्या. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची सवय असेल, तर ती आजपासून बंद करा. त्या धुरातला विषारी वायू नाकाला कळत नाही, माणूस झोपेतच जातो.

गरम हवा वर चढते. म्हणून आतलं युनिट आढ्याशी टांगू नका. जमिनीपासून सात-आठ फुटांवर ठेवा आणि थंडीत त्याची झडप खाली वळवा. एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तेव्हा सकाळी अर्धा तास खिडक्या उघडायच्याच. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. आसपास उसाचे फड पेटवत असतील किंवा गुऱ्हाळं असतील, तर काजळी बसते. त्या हंगामात दर आठवड्याला धुवा.

भिंतीची तुमची काळजी योग्य आहे. आतलं युनिट हलकं असतं, पण भेंड्यात फास्टनर धरत नाही. दोन तुळयांना आडवी सागवानी फळी बांधून त्यावर युनिट टांगायचा पत्रा बसवा. बाहेरचं युनिट तीस-चाळीस किलोचं असतं आणि सतत थरथरतं. ते या भिंतीवर कधीही टांगू देऊ नका. परड्यात सिमेंटचा ओटा करून त्यावर ठेवा, किंवा न्हाणीवर स्लॅब असेल तर तिथं. सोबत बहुधा तीनच मीटर तांब्याची नळी मिळते, वाढीव नळीचे पैसे धरून ठेवा. नळीसाठी भिंतीत भोक कोअर कटरनंच (गोल भोक पाडणाऱ्या यंत्रानं) पाडायचं, छिन्नी-हातोड्यानं नाही, आणि बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. पाणी आत मुरलं तर भेंड्याची माती होते. भोकाभोवती चुन्याचा गिलावा करा, सिमेंटचा नको. सिमेंट ओल कोंडतं. जुन्या घराला हा डक्टशिवायचा (हवेच्या मोठ्या नळांशिवायचा) एसी शोभतो तो याचसाठी: मुठीएवढं एक भोक सोडलं तर घराला हात लागत नाही.

वायरिंग लाकडी पट्टीतलं असेल तर त्यावर एसी जोडूच नका. मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारी) आणि नवं अर्थिंग. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो कमी असेल तर आधी वाढवून घ्या.

मशीन जोडायला येणाऱ्याकडं व्हॅक्यूम पंप आहे का, हे बघा. ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ म्हणाला तर त्याला थांबवा. आता बहुतेक मशीनमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. शिवाय नळीत हवा आणि ओल राहिली की कॉम्प्रेसर लवकर जातो. अर्धा तास पंप चालवायचा, बंद करायचा आणि दाब दाखवणारा काटा हलत नाही ना, हे तुम्ही स्वतः उभं राहून बघायचं.

प्रश्न : सोपा (पुढची ओसरी), माजघर आणि माडी, तिन्हीकडं एसी हवा आहे. बाहेर एकच युनिट ठेवणारा मल्टी-स्प्लिट घेऊ का?
एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : नको. बाहेरचं एक युनिट बंद पडलं की तिन्ही खोल्या बंद. झोपायच्या खोलीला एक स्वतंत्र मशीन घ्या आणि एक उन्हाळा काढा. माजघराला बाहेरची भिंत नसते, तिथं पंखाच पुरतो.

प्रश्न : आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेजवळ. बाहेरचं युनिट कुठं ठेवू?
एक वाचक भगिनी, शुक्रवार पेठ

उत्तर : ताई, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या भिंतीवर तेव्हाच्या पाण्याची रेघ असेल, नसेल तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्या रेघेच्या निदान दोन फूट वर युनिट, एमसीबी आणि सॉकेट, तिन्ही हवेत. गच्ची असेल तर सरळ गच्चीवर. पाणी वाढायला लागलं की एमसीबी पाडून ठेवा. युनिट बुडालंच, तर पाणी ओसरल्यावर ‘चालतंय का’ बघायला बटण दाबू नका. मेकॅनिककडून उघडून, धुऊन, वाळवून घ्या. कॉम्प्रेसर सीलबंद असल्यानं बऱ्याचदा वाचतो, कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट) मात्र बहुधा बदलावं लागतं.