मटण पचायला गोळी घेऊ का?

प्रश्न : वय 58. मटण किंवा छोले खाल्ले की पोट जड होतं. मुलाने पपेनच्या गोळ्या आणल्यात. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. घेऊ का? – एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, डॉक्टरांना विचारेपर्यंत डबी उघडू नका. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम). आई मटणाला कच्ची पपई वाटून लावायची. जास्त वेळ राहिली की तुकड्यांचा लगदा व्हायचा. तुमच्या जठरातलं पेप्सिन आणि पुढे लहान आतड्यातलं ट्रिप्सिन ही शरीराची स्वतःची विकरं हेच काम करतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत पपेनने रक्तस्राव वाढू शकतो, मला काळजी त्याचीच वाटते. छोल्यांचा गॅस तर मुख्यतः त्यातल्या न पचणाऱ्या शर्करांचा. रात्रभर भिजवून ते पाणी फेका. वजन घटत असेल, शौचाला तेलकट होत असेल तर तपासणी लांबवू नका.