वाचकांचे प्रश्न: एडिटिंगला सॉफ्टवेअर कुठलं आणि फाइल कशात काढायची

तुळशीची लग्नं लागली की नाशिकचे लॉन्स भरायला लागतात आणि माझ्याकडे एडिटिंगच्या प्रश्नांची रांग लागते. ह्या वेळी चार घेतलेत. पहिल्या दोघांना जास्त जागा दिलीय, कारण तीच अडचण बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत कळवली होती.

प्रश्न: दादा, मी सिडकोत राहतो. दोन वर्षं एका स्टुडिओत एडियस सॉफ्टवेअरवर ट्रॅडिशनल (म्हणजे अख्ख्या लग्नाचे) व्हिडिओ कापले, आता स्वतःचं सुरू करतोय. कोणी म्हणतं प्रीमियर घे, कोणी म्हणतं दाविंची फुकट आहे तेच धर. मित्राकडे प्रीमियरचं क्रॅक (चोरीची कॉपी) आहे. लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, ग्राफिक कार्ड ४ जीबीचं. काय करू?

उत्तर: भाऊ, आधी मला हे सांग की तुला कामं कुठून येणार आहेत. सॉफ्टवेअर त्यावर ठरतं. आपल्याकडे बरेच स्टुडिओवाले एडिटिंग बाहेर देतात, आणि देताना नुसतं फुटेज नाही देत, प्रोजेक्ट पण देतात, मग त्यांचं जे सॉफ्टवेअर तेच तुझ्याकडे लागतं, तिथे तुझ्या आवडीनिवडीला कोणी विचारत नाही. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत जे तीन-चार स्टुडिओ तुला काम देतील असं वाटतंय त्यांना सरळ फोन करून विचार.

एडियस सोडू नकोस. दोन वर्षांत हात बसलाय ना, तीन कॅमेऱ्यांचं तीन तासांचं ट्रॅडिशनल त्यावर जसं सटासट कापलं जातं तसं दुसरीकडे जमायला तुला वर्ष जाईल, आणि लग्नाच्या धंद्यात पैसा वेळेवर डिलिव्हरी देण्यात आहे. सिनेमॅटिक आणि टीझरसाठी मात्र दाविंची रिझॉल्व्ह शिकायला घे. त्याचं कलर (रंग सुधारायचा भाग) एकदा हाताखालून गेलं की हळदीचा पिवळा रंग चेहऱ्यावर कसा चढतो आणि तो नुसता चेहऱ्यावरून कसा उतरवायचा हे कळतं, मग मागे फिरावंसं वाटत नाही. फ्री व्हर्जनमधून ३८४० बाय २१६० पर्यंत, ६० फ्रेमपर्यंत फाइल निघते, वॉटरमार्क येत नाही, म्हणजे लग्नाचं काम त्यात आरामात होतं. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) त्याच्या पैशाच्या स्टुडिओ व्हर्जनमध्ये आहे, ते एकदाच पैसे भरून घ्यायचं, दर महिन्याचं झंझट नाही. रात्रीच्या वरातीचं फुटेज दाणेदार येतं तेव्हा त्याची किंमत वसूल होते. घेण्याआधी तुझ्या कॅमेऱ्याचं १० बिट (जास्त रंगछटांचं) फुटेज तुझ्या मशीनवर नीट उघडतंय का ते फ्रीमध्ये बघून घे.

प्रीमियरचं म्हणशील तर २०१३ पासून ॲडोबीने सगळं भाड्यावर नेलंय, महिन्याचे पैसे थांबले की सॉफ्टवेअर थांबलं. जाहिरातीचं काम, आफ्टर इफेक्ट्सचं काम, चार जणांनी मिळून करायचं काम असेल तर प्रीमियरच सोयीचं पडतं. मग ज्या महिन्यात तसं काम असेल त्या महिन्याचं घे आणि ते पैसे क्लायंटच्या कोटेशनमध्ये धर. फायनल कट फक्त ॲपलच्या मशीनवर चालतं, तुझा तो विषय नाही. ॲव्हिड सिनेमा-सिरियलवाल्यांकडे लागतं, मुंबईला जायचं ठरलं तर बघू.

४ जीबीच्या कार्डावर ४के अडकणार, रिझॉल्व्ह तर जास्तच कारण ते सगळा भार ग्राफिक कार्डावर टाकतं. लॅपटॉप बदलू नकोस लगेच. रात्री प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवायला लावून झोप, सकाळी हलक्या फाइलींवर काप, शेवटी ओरिजिनलवर रेंडर मार.

आणि क्रॅक नको. अजिबात नको. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या मशीनमध्ये क्रॅकच्या सेटअपमधून व्हायरस आला आणि सगळ्या फाइली लॉक करून पैसे मागायला लागला, बॅकअपची हार्ड डिस्क पण त्याच वेळी लावलेली होती. सात लग्नांचं फुटेज गेलं. त्या सात घरी जाऊन सांगायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. एका घरात आजोबा लग्नानंतर महिन्याभरात वारले होते आणि त्यांचं शेवटचं हलतं-बोलतं जे काही होतं ते त्याच फुटेजमध्ये होतं, त्या घरी कोणी भांडलं नाही, आम्हाला चहा दिला, आणि आम्हा दोघांना तो गिळवेना.

प्रश्न: मी घोटीची, लग्नाचे व्हिडिओ करते. ४के एच.२६५ मध्ये फाइल काढते, लॅपटॉपवर सुंदर दिसते, पण क्लायंटच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला की कुठे फाइलच दिसत नाही, कुठे नुसता आवाज येतो. लॉन्सवर एलईडी वॉलवर लावलं तर डोकी कापली गेली. चुकतंय कुठे?

उत्तर: ताई, चूक तुमच्या कामात नाहीये, फाइल ज्याच्यासाठी काढली ते यंत्र वेगळं आणि ती चालवली वेगळ्याच यंत्रावर, एवढंच झालंय. मी हे मखमलाबादला भोगलंय, अख्खं घर टीव्हीपुढे बसलेलं, शेजारच्या बायका पण आलेल्या, सनईचा आवाज सुरू झाला आणि पडदा काळाच. तेव्हापासून टीव्हीची फाइल मी वेगळी काढतो.

नावाच्या शेवटी एमपी४ आहे म्हणजे झालं असं नसतं. द्राक्षाची पेटी बाहेरून बघून आत थॉमसन आहे की शरद सीडलेस हे जसं कळत नाही तसं एमपी४ ही नुसती पेटी आहे, आत व्हिडिओ दाबून बसवायची पद्धत एच.२६४ असू शकते, एच.२६५ असू शकते, ८ बिट असेल, १० बिट असेल. एच.२६४ हे २००३ चं, एच.२६५ हे २०१३ चं. घरोघरी जे जुने टीव्ही आहेत त्यातल्या बऱ्याच टीव्हींना नवं उघडता येत नाही, मग चित्र सोडून नुसता आवाज वाजतो.

टीव्हीसाठी असं काढा: एच.२६४, ८ बिट, १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१, बिटरेट १६ एमबीपीएस, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, कारण मोठे पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात आणि ते काही टीव्हींना दिसतच नाहीत. फॅट३२ ला एकच अडचण, एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. हिशोब सोपा आहे, बिटरेट गुणिले सेकंद भागिले आठ म्हणजे एमबी. १६ ने अर्धा तास ३.६ जीबी होतो, बसतो. तीन तासांचं ट्रॅडिशनल २१.६ जीबी होतं, त्याचे सहा भाग करा, पण वेळ बघून तोडू नका, विधी बघून तोडा: हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, मग जेवणावळ आणि पाठवणी. हे मी नाइलाज म्हणून सुरू केलं होतं, पण लोकांना तेच जास्त आवडतं, पाठवणी बघायची तर सरळ पाठवणीची फाइल लावतात. तुमची ती ४केवाली फाइल वेगळी जपून ठेवायला द्या, तिचं काम ते.

२५ फ्रेम का, तर आपली वीज ५० हर्ट्झची. शूटिंगला पण २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर हॉलच्या दिव्यांमुळे चित्रात पट्टे फिरतात आणि ते एडिटिंगला नीट निघत नाहीत.

एलईडी वॉलचं वेगळं आहे. ती वॉल टीव्हीच्या आकाराची नसते, पॅनल जोडून केलेली असते. ५०० मिलिमीटरचं चौकोनी ३.९ पिचचं (दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९ मिलिमीटर) पॅनल असेल तर त्यात १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. आडवी बारा आणि उभी सहा लावली की झाले १५३६ बाय ७६८, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. त्यावर तुम्ही १९२० बाय १०८० टाकलं आणि ऑपरेटरने रुंदीला भरून घेतलं की वरून आणि खालून कापलं जाणारच, नवरीच्या मुंडावळ्याच गेल्या समजा. आदल्या दिवशी ऑपरेटरला फोन करून फुटात नाही, पिक्सेलमध्ये माप विचारा आणि त्याच मापाची टाइमलाइन करा. तो वॉलवर व्हिडिओ चालवायला रेझोल्यूम सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्याच्या डीएक्सव्ही फॉरमॅटमध्ये फाइल मागेल, तसं द्या. आणि संध्याकाळी लोक यायच्या आत एकदा लावून बघा, हे मात्र कुणावर सोपवू नका.

प्रश्न: आम्ही कॉलेज रोडच्या मित्रांनी १८ मिनिटांची शॉर्ट फिल्म केलीय, २५ फ्रेमवर. थिएटरमध्ये शो करायचाय, एमपी४ चालेल का?

उत्तर: फाळक्यांच्या गावची पोरं थिएटरमध्ये फिल्म लावतायत, मला फार बरं वाटलं. थिएटरच्या प्रोजेक्टरला डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) लागतं, त्यात एकेक फ्रेम जेपीईजी २००० मध्ये असते आणि आवाज वेगळा डब्ल्यूएव्ही असतो. डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बनवा. पण त्याला एमपी४ भरवू नका, आधी एडिटिंगमधून चांगला मास्टर (कमी दाबलेली मूळ फाइल) काढा, मॅकवर प्रोरेस ४२२ एचक्यू, विंडोजवर डीएनएक्सएचआर. १०८० ला २४-२५ जीबीची फाइल होईल, होऊ द्या.

थिएटरमध्ये २४ फ्रेम सगळीकडे चालतात, म्हणून २५ चं २४ करणं सगळ्यात सुरक्षित, पण मग फिल्म १८ मिनिटांची १८ मिनिटं ४५ सेकंद होते आणि आवाज किंचित जड होतो, तो साउंडवाल्याकडून सुधारून घ्या. पुढची फिल्म सुरुवातीपासूनच २४ वर शूट करा, फक्त दिवे असतील तिथे शटर १/५० च. शोच्या आधी त्याच थिएटरमध्ये पाच मिनिटं तरी चालवून बघायची परवानगी मागा, मागितली की बहुतेक मिळते.

प्रश्न: प्रीमियरमध्ये मराठी नावं टाइप केली की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडेच जाते. — एक वाचक, निफाड

उत्तर: प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स उघडा, तिथे टेक्स्टसाठी साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा आणि नवीन टेक्स्ट लेयर घेऊन युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर तसाच चिकटवला तर अक्षरांचा कचराच दिसणार, तो युनिकोडमध्ये करून घ्या. "श्री", "ज्ञानेश्वर", "कुऱ्हाडे" असे दोन-तीन शब्द टाकून बघितलं की फॉन्ट चालतो की नाही ते लगेच कळतं. आणि नावं फोनवर ऐकून टाइप करू नका, लग्नपत्रिकेचा फोटो मागवा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर लावून घ्या.