विचारा की! बटाट्याच्या बंदुकीत काय काय चालतं

सुट्ट्या लागल्या की पत्रांचा नूर बदलतो, एरवी मिक्सर बिघडला, गच्ची गळते असलं विचारणारे लोक एकदम खेळण्यांवर येतात. ह्या वेळी बटाट्याच्या बंदुकीवर एवढं आलंय की बाकीचं सगळं पुढच्या अंकात ढकललंय. नळीच्या दोन्ही तोंडांत बटाट्याची एकेक गोळी बसवायची, मागची दट्ट्यानं आत ढकलली की पुढची फट्दिशी उडते, ती ही बंदूक.

प्रश्न : काका, आमचा पोरगा आणि त्याचा आत्तेभाऊ दोघांनी मिळून नळी आणि दट्ट्याची बटाटा बंदूक केलीय. उडते भारी, पण भाजीला धड बटाटा ठेवला नाही, प्रत्येकाला पन्नास भोकं. सासूबाई रोज बोलतात. बटाट्याऐवजी घरातलंच स्वस्तातलं काय चालेल सांगा की. (एक आई, मंगळवार पेठ)

उत्तर : ताई, बटाटा महाग पडत नाही ओ, पोरांची पद्धत महाग पडतीय. अख्ख्या बटाट्यात नळी खुपसली की चार बाजूंनी त्याची चाळण होते आणि निम्मा वाया जातो. त्यापेक्षा त्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या करून द्या आणि चकतीतून जवळजवळ गोळ्या पाडायला सांगा. सात-आठ मिलीमीटरची नळी असेल तर गोळी अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर भरते, म्हणजे शंभर ग्रॅमच्या एका बटाट्यात शंभरच्या आसपास बार निघतात. अजून एक, दट्ट्या नळीपेक्षा एखादा सेंटीमीटर आखूड ठेवा, मग मागची गोळी बाहेर न पडता तोंडाशी येऊन थांबते आणि तीच पुढच्या बाराला पुढची गोळी होते. दरवेळी एकच नवी लागते.

आणि भाजीचा बटाटा कशाला द्यायचा? टोपलीच्या तळाला हिरवे पडलेले, कोंब आलेले असतातच, त्यांच्यात सोलॅनिन नावाचं विष वाढलेलं असतं, ते तसेही पोटात घालायचे नाहीत. ते द्या. फार सुरकुतले असतील तर तासभर पाण्यात टाका, पाणी पिऊन परत कडक होतात. फक्त खेळून झाल्यावर पोरांनी हात धुवायचे आणि नळी तोंडात घालायची नाही.

आता बाकीच्या वस्तूंचं. ही बंदूक चालते दोन गोळ्यांमधल्या कोंडलेल्या हवेवर. रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्येच मांडून ठेवलंय की हवा दाबून तिची जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो. पंधरा सेंटीमीटरची हवा पाच सेंटीमीटरवर आणलीत तर दाब तिप्पट, फक्त मधे कुठं गळती झाली नाही पाहिजे. म्हणून कुठलीही वस्तू हातात घेतली की दोनच गोष्टी बघायच्या, नळीच्या तोंडानं ती स्वच्छ कापली जाते का आणि आत गेल्यावर हवा अडवते का. वस्तू दोन रुपयाची का वीस रुपयाची ह्याला काही अर्थ नाही. कच्च्या बटाट्यात जवळपास ऐंशी टक्के पाणी असतं, कापला की रस सुटतो, त्यानं गोळी सरकतेही आणि फटही बुजते, म्हणून तो राजा. उकडलेला मात्र पिठूळ होऊन नळीतच फुटतो.

मुळा चांगला, थंडीत लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिळतोही स्वस्त, जून झालेला पोकळ मुळा तेवढा नको. गाजर चालतं पण जरा टणक, लागतं, लहान पोरांना देऊ नका. रताळं भारी कापलं जातं पण चीक सुटतो आणि नळी चिकट होते. दुधीचा पांढरा गर मऊ पडतो, सालीजवळचा भाग घ्या. बीट कापलं जातं झकास, पण भिंत तुमची आणि रंगही तुमचाच! ऊस आपल्याकडं फुकट हाय म्हणून कुणाच्या तरी डोक्यात येणारच, त्याचे धागे निघतात, तोंड नीट कापलं जात नाही, सोडून द्या. केळीचा खुंट फसवा, पापुद्रे सुटतात आणि हवा निसटते. कणीक चिकटते. थर्माकोल इतका हलका की चार हातांवर हवाच त्याला थांबवते.

सगळ्यात स्वस्त म्हणाल तर ओला कागद. रद्दी पाण्यात भिजवायची, चुरून लगदा करायचा, पाणी पिळून काढायचं आणि नळीत ठासायचा, बटाट्याच्या खालोखाल हाच. पण ओलाच वापरायचा, रात्रभर वाळलेली गोळी आकसते आणि खड्यासारखी कडक होते. मिसळीसोबत आणलेल्या ब्रेडच्या उरलेल्या एक-दोन स्लाइस पण चालतात, मधला मऊ भाग बोटानं दाबून. शिळा कडक ब्रेड नको, भुगा होतो.

प्रश्न : खोडरबर, चिंचोके, हरभरे चालतील का? (आठवीतला विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर : खोडरबर चालतो, घरात खेळायला तर उत्तमच, सांडत नाही आणि परत वापरता येतो. चिंचोके, हरभरे, गोट्या, खडे अजिबात नाही. एक तर ते गोल नळीत घट्ट बसत नाहीत त्यामुळं उडत पण नाहीत धड, आणि उडालेच तर डोळ्याला लागतात. मऊ गोळी असली तरी तोंडावर धरायची नाही भावा, पुठ्ठ्याची खोकी लाव आणि ती पाड.

प्रश्न : सर, मी डिप्लोमाला आहे, आम्हाला मोठी करायचीय, दोन इंची पीव्हीसी पाइपची, आत स्प्रे मारून पेटवायची, अख्खा बटाटा जाईल अशी. व्हिडिओत सोपं दिसतं. स्वस्तात काय काय लागेल? (होस्टेलवरचा ग्रुप, कोल्हापूर)

उत्तर : ह्याचं साहित्य मी सांगणार नाही, पण नुसतं नाही म्हणून सोडत पण नाही, तुम्ही इंजिनियर होणार आहात तर गणित बघा. शंभर ग्रॅमचा बटाटा सेकंदाला तीस मीटरनं सुटला तर पंचेचाळीस ज्यूल ऊर्जा. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये एअरगनसाठी वीस ज्यूलची मर्यादा आहे, त्याच्या वर लायसन लागतं. आणि त्या पोरांची अर्ध्या ग्रॅमची गोळी पंधरा मीटरच्या वेगानं गेली तरी ०.०६ ज्यूलच्या आत! ही दोन वेगळीच जनावरं आहेत, नाव तेवढं एक.

दुसरं म्हणजे पाइप. पीव्हीसीवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो. पाणी दाबलं जात नाही, पाइप तडकला तरी एक चिळकांडी उडून विषय संपतो. हवा नाहीतर गॅस मात्र दाबून बसलेला असतो, तो पाइप फाडून बाहेर येतो आणि पीव्हीसी वाकत नाही, धारदार तुकडे होतात, उन्हात पडून जुना झालेला असेल तर जास्तच. ते तुकडे अंगात घुसले तर डॉक्टर शोधत बसतात. आणि पेटली नाही म्हणून नळीत डोकावून बघणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, तो कोण ते तुम्हाला माहिताय. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आजूबाजूला कार्बाइड गननी (पाइपात कार्बाइडचा गॅस पेटवून बार काढतात ती) काय झालं ते वाचा, शंभरावर लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात बहुतेक पोरं. तिथं पण पाइप स्वस्तच होता.

प्रोजेक्टच करायचं असेल तर बारक्या बंदुकीवर करा की. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात एकाच आतल्या मापाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या वेगवेगळ्या लांबीत कापून घ्या, गोळी एकाच वजनाची ठेवा आणि कुठल्या लांबीला सगळ्यात लांब जाते ते काढा. नळी फार लांब झाली की घर्षण सगळं खातं, तो आकडा काढण्यात खरी मजा हाय. छत्तीसगडात बस्तरला जगदलपूरच्या गोंचा सणात लोक बांबूच्या तुपकीत मालकांगणीची फळं घालून उडवतात, तत्त्व हेच, त्यावर पण एक पान लिहा, गुरुजी खूश होतील.

प्रश्न : आमचा मळा चंदगड भागात आहे. गवे आणि हत्ती येतात. बारके बटाटे कुणी घेत नाही, ते मोठ्या गनमध्ये भरून जनावरांवर मारले तर? (शेतकरी)

उत्तर : दादा, त्रास खराय तुमचा, पण हे करू नका. गवा आणि हत्ती दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, इजा केली तर नुकसान तुमचं आणि केस पण तुमच्यावरच. शिवाय बटाटा लागून चवताळलेला गवा उलटा फिरला तर पळायला जागा राहत नाही. पिकाचं नुकसान झालं की फोटो काढून लगेच वनखात्याकडं अर्ज द्या, पंचनामा होतो, भरपाई मिळते. पाखरांसाठी गोफण आहेच, ती पण आवाजापुरतीच. बारके बटाटे उकडून म्हशीला थोडे थोडे घालता येतात, हिरवे आणि कोंबाचे बाजूला काढून.

प्रश्न : बटाटा उडवून झाल्यावर नळीला वास येतो, मुंग्या लागतात. (सही नाही)

उत्तर : रस वाळला की असंच होणार. खेळून झालं की लगेच गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं स्टार्च खळीसारखा चिकटतो. मग काडीला फडकं गुंडाळून आतून पुसा आणि उभी ठेवून वाळवा. बांबूची असेल तर पावसाळ्यात आत बुरशी धरते, ती टाकून नवीन करा.