आधी विम्याचा हप्ता, मग आहारतज्ज्ञाची फी

सोलापूरच्या एका भगिनीचं पत्र आहे. यजमान ४७ वर्षांचे, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. दोन वर्षांपासून मधुमेह, एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी) ८.२. घरात महिन्याला ४८,००० येतात. एका होलिस्टिक न्यूट्रिशनिस्ट मॅडमचं सहा महिन्यांचं पॅकेज ४२,००० रुपयांना आहे. ते ईएमआयवर घ्यावं की ६०,००० ची एफडी मोडावी, हा त्यांचा प्रश्न. शेवटी एक ओळ जोडली आहे: "२०१७ पासूनच्या आरोग्य विम्याचा २६,००० चा हप्ता यंदा भरला नाही, तारीख जाऊन १९ दिवस झाले. शुगर नॉर्मल आली की नवा विमा स्वस्तात मिळेल, असं मॅडम म्हणाल्या."

ताई, एफडी मोडा, पण विम्यासाठी. आणि आजच मोडा.

वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर ३० दिवसांची जादा मुदत (ग्रेस पीरियड) असते, म्हणजे तुमच्या हातात ११ दिवस उरलेत. या दिवसांत पॉलिसीचं सातत्य टिकतं, संरक्षण मात्र मिळत नाही. उद्या यजमानांना ॲडमिट करावं लागलं तर बिल तुमच्याच खिशातून जाईल.

मॅडमनी सांगितलं ते साफ चूक आहे. विम्याच्या फॉर्मवर आजची शुगर किती एवढंच विचारत नाहीत. मधुमेहाचं निदान कधी झालं होतं का, हेही विचारतात. गोळ्यांशिवाय एचबीए१सी ६.५ च्या खाली आलं तरी उत्तर "हो" असंच लिहावं लागतं. लपवलंत तर ऐन दवाखान्यात क्लेम नाकारला जाईल. खरं लिहिलंत तर हप्ता वाढेल, मधुमेह आणि त्यातून उद्भवणाऱ्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, किंवा पॉलिसीच मिळणार नाही.

जुन्या पॉलिसीत यातलं काहीच नाही. मधुमेह पॉलिसीनंतर झाला, त्यामुळे तो आधीचा आजार ठरत नाही. पाच वर्षं सलग उलटल्यामुळे, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी जुनी माहिती उकरून क्लेम अडवू शकत नाही. मधुमेह झाला म्हणून नूतनीकरणाला एकट्या तुमचा हप्ताही वाढवता येत नाही. आठ वर्षं हप्ते भरून हे कमावलंय, आणि ते २६,००० साठी सोडायला निघालात! खासगी दवाखान्यात एक अँजिओप्लास्टी दीड-दोन लाखांना सहज जाते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. हप्ता किती झालाय ते एकदा बघून घ्या.

आता पॅकेज. तुम्ही पाठवलेल्या कागदावर पावडरी महिना ४,००० प्रमाणे २४,००० च्या आहेत आणि "फूड सेन्सिटिव्हिटी" टेस्ट ९,००० ची. उरले ९,०००, म्हणजे महिना दीड हजार. खरा सल्ला तेवढ्याचाच आहे. पावडरी नकोत. आयजीजी या रक्तातल्या अँटीबॉडीवर आधारलेल्या त्या टेस्टवरून पथ्य ठरवायला आधार नाही. ईएमआय तर नकोच, मधेच थांबावंसं वाटलं तरी हप्ते चालूच राहतात.

आहार बदलून शुगर उतरते, त्यामुळे चांगल्या माणसाला दीड हजार देणं योग्यच. पण नुसतं "न्यूट्रिशनिस्ट" कुणीही लावतं. आहारशास्त्राची पदवी विचारा, इंडियन डायेटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ (रजिस्टर्ड डायेटिशियन), असेल तर उत्तमच. पहिली बैठक पाऊण-एक तासाची हवी. तीन दिवसांचं खाणं लिहून न्या, त्यातला एक रविवार. रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. रात्रपाळी असते का, झोप किती, जेवण किती वाजता, हे तिथं विचारलं गेलं पाहिजे. होलिस्टिक म्हणजे हेच, पावडरीचा डबा नव्हे. ज्वारीच्या भाकरी किती आणि केवढ्या, शेंगाचटणीवर तेल किती, इथपर्यंत चौकशी व्हावी. भाकरी बंद करून ओट्स लिहून दिले तर तुमचं घर त्यांनी समजूनच घेतलेलं नाही. चार भाकरींच्या दोन करून आमटी घट्ट आणि पालेभाजी दुप्पट करणं महिनोन्‌महिने जमतं, खर्चही फारसा वाढत नाही.

यजमानांची ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू आहे. ती घेत असताना जेवण एकदम कमी केलं तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, मग घाम फुटतो, हात थरथरतात. म्हणून नवा आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. "गोळ्या बंद करा" असं आहारवाल्यांनी सांगितलं तर त्याच दिवशी त्यांना रामराम करा.

फी एकरकमी देऊ नका, महिन्याच्या महिन्याला द्या. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे तीन महिन्यांनी ते पुन्हा करा. तोवर ४,५०० गेलेले असतील. आकडा ८.२ वरून हलला नसेल तर पुढचे तीन महिने घेऊ नका.